बाबांच्या सम-विषम तारखा

ती. आत्या,

नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? मी ठीक आहे असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. झालं ते क्रमाने लिहिते.

१. रविवारी माझ्या ऑफिसातला एक तक्ता जेवणाच्या टेबलावर राहिला.
२. तो बाबांनी वाचला.
३. बाबांनी सिगारेट सोडली नाही.
४. दारूही सोडली नाही.
५. दोघींची फारकत केली.

तक्ता घशाच्या कॅन्सरचा होता. त्यात चार रकाने. दोन्हींपासून दूर राहणाऱ्यांचा धोका एक धरला, तर आमच्या अभ्यासात नुसती सिगारेट ओढणाऱ्यांचा तिप्पट निघाला, नुसती दारू पिणाऱ्यांचा दुप्पट आणि दोन्ही करणाऱ्यांचा अकरापट. बाबा म्हणाले, "तीन नि दोन पाच. अकरा कुठून आणलेस? मी असं कापड मोजलं असतं तर गिऱ्हाइकांनी दुकानाला कुलूप लावलं असतं." मी सांगितलं, की दोन्ही एकत्र आल्या की एक दुसरीला जोर देते, तिथे नुसती बेरीज पुरत नाही. बाबांनी मान डोलावली. माझं बोलणं त्यांनी इतकं मन लावून पूर्वी कधी ऐकलेलं नाही (मी मूर्खासारखी सुखावले).

सोमवारी बघते तर कॅलेंडरवर कापड आखायच्या खडूने खुणा. विषम तारखेला सिगारेट, सम तारखेला दारू. मी हातातला डबा टेबलावर ठेवला. म्हटलं, "बाबा, 'नुसती सिगारेट' म्हणजे दारू मुळीच न घेणारा माणूस. शरीर तारीख बघत नाही." तर म्हणतात, "मी अकरातून उतरून तिनात आलो. तेही एक दिवसाआड, म्हणजे दीड. तूच काढ हिशेब."

दुकानाशेजारच्या इस्त्रीवाल्या काकांनीही हाच नेम धरलाय. काल दोघांनी मला मुद्दाम बोलावून शंका विचारली: एकतीस विषम, लगेच येणारी एक तारीखही विषम, मग लागोपाठ दोन दिवस सिगारेट चालेल का? काका गंभीरपणे म्हणाले, "दारूवर अन्याय होतो ना, बाळ." मी पाच वर्षं संख्याशास्त्र शिकले आहे. असं वर्षातून सात वेळा होतं, एवढं मोजून सांगितलं.

तुझी भाची

ता. क. बाबांचा आवाज तीन आठवडे बसलेला आहे. मी गुरुवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ते म्हणतात, "दीडवाल्याला डॉक्टर कशाला?" तू मोठी बहीण. तू आलीस की अजूनही सिगारेट मुठीत लपवतात.

आणखी एक. क्रमांक एकमध्ये दुरुस्ती: तक्ता राहिला नव्हता, मी ठेवला होता. मला त्यांना तोंडाने सांगता येईना. गुरुवारी त्यांना घेऊन जायला येशील का, ते मंगळवारपर्यंत कळव.