निळ्या दिव्याखालची छत्री

६ फेब्रुवारी, गुरुवार. सुट्टी.
माझ्या हातचं: स्टँड, चौकोनी पाइपचा, वेल्डिंग स्वतःचं, चारही पाय लेव्हलला. माशांच्या टाकीच्या काचा कापून आणल्या, पण सिलिकॉन मी भरलं. आठ वर्षांत थेंब गळलेला नाही. खालची फिल्टरची टाकी. पाणी उतरलं की आपोआप भरणारा फ्लोट. आणि आजपासून नवा लाइट. भंगारात निघालेल्या इलेक्ट्रिक पॅनेलचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी), त्यावर बत्तीस निळे एलईडी, सोळा पांढरे, प्रत्येकावर भिंग. एकही सोल्डर खडबडीत नाही. पंखे आहेत, आवाज नाही.
हातचं नाही ते: मासे, खाऱ्या पाण्याचं मीठ, आणि छत्री, म्हणजे देठावर टोपी असलेलं ते छत्रीसारखं कोरल, जिवंत प्रवाळ.

जुना लाइट (तोही माझाच, पांढरा जास्त) जळाला म्हणून हा. चिंचवडला विनयच्या माशांच्या दुकानात रेडीमेड पाहून आलो होतो. मोबाइलवर चालतो म्हणे. आतला माल मला कळतो, त्या मालाचे तेवढे पैसे होत नाहीत. आयटीआयसुद्धा केलेलं नाही मी, पण चाकणच्या प्लांटला पॅनेल अडलं की फोन मलाच येतो.

सुनंदा: "अहो, घराचा डिस्को केलात."
कोरलला निळाच लागतो म्हटलं. हसली. मटार सोलायला टाकीसमोरच बसली, रोजच्यासारखी.

७ फेब्रु., शुक्र.
प्लांटच्या क्वालिटी खात्यातल्या कांबळेकडून लक्समीटर आणला. इन्स्पेक्शन टेबलावरचा उजेड मोजायचा. कॅलिब्रेशनचा स्टिकर चालू आहे, ते आधी पाहिलं.
"काय राव, माशांचं पण ऑडिट लागलं का?"

जुन्या लाइटचं माप माझ्याकडे होतं: पाण्यावर, छत्रीच्या बरोबर वर, नऊ हजार. नव्याचं भरलं साडेतीन! इतकं कमी? निळ्यांचा करंट फुल केला. तरी कमी. साखळीच्या चार कड्या सोडून लाइट खाली घेतला. नऊ हजार. आता बरोबर. अंदाजपंचे काम आपल्याला जमत नाही.

१० फेब्रु., सोम.
छत्री मिटली आहे. वरची केसाळ बोंडं सगळी आत, टोपीवर मेणासारखा थर. अधूनमधून कात टाकते ती, तेव्हा अशीच दिसते. उघडेल.
अंगठ्याएवढी होती आणली तेव्हा. पाण्याच्या पिशवीत, मोशीच्या बसमध्ये मांडीवर धरून. कंडक्टर म्हणाला होता, मासा कुठंय यात? आता ताटाएवढी. थर्ड शिफ्ट करून यायचो तेव्हा दार उघडताना आधी तिकडे नजर. सुनंदा चिडवायची, घरात बायको पण आहे म्हणून.

१३ फेब्रु., गुरु.
सकाळपासून वीज नाही, गुरुवारचं मेंटेनन्स. इन्व्हर्टरवर फक्त पंप ठेवला. दुपारी खिडकीच्या उजेडात छत्रीची एक कड उलगडली. चार-पाच बोंडं बाहेर.
सुनंदा: "बघा, अंधारात बरं वाटतंय तिला."
योगायोग, म्हणालो. वीज आली, लाइट लागला, परत मिटली.

१६ फेब्रु., रवि.
कात पडून गेली, तरी उघडत नाही. आणि रंग जातोय. तपकिरी होती ती फिक्या पिठासारखी. क्षार तपासले, ठीक. तापमान ठीक. मासे खातात. मग उरतो उजेड. कुंडीतलं झाड सावलीत फिकं पडतं, तसंच हे. आणखी दोन कड्या खाली घेतला लाइट.

सुनंदा मागे उभी होती. "ती तोंड मिटून घेतेय, आणि तुम्ही दिवा जवळ नेताय."
"मीटर बघ ना."
"मीटर मी कशाला बघू? मी तिच्याकडे बघतेय."
मटारचं ताट उचलून स्वयंपाकघरात गेली.

२० फेब्रु., गुरु.
शेवटी विनयला फोन केला. सल्ला नको, फक्त तुझ्या मीटरवर ताडून बघायचंय, असं सांगितलं. आला. त्याच्या मीटरचा सेन्सर वायरवर असतो, पाण्यात छत्रीशेजारीच धरला. साडेचारशे, त्याच्या मीटरचं माप वेगळं.
"आणि किती हवा?"
"हिला शंभर-सव्वाशे पुष्कळ. काका, जळतेय ती."

कांबळेचा मीटर पुढे केला, स्टिकरसकट. त्याने बघितला नीट. म्हणाला, मीटर चांगला आहे, पण तो माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतो. टेबलावर माणसाला किती दिसेल, ते. निळा आपल्याला मंद दिसतो म्हणून मीटरलाही मंद. कोरलला तोच सगळ्यात जास्त लागतो. पांढऱ्या लाइटचा आकडा निळ्या लाइटला लावलात, काका.

मी विचारलं, "तुझा मीटर शेवटचा कॅलिब्रेट कधी केला?"
हसला. "मारा टोमणे, हक्क आहे तुमचा. पण आधी उजेड कमी करा."
करंट उतरवला, साखळी पार वर. एकशे दहा. त्याने मीटर ठेवून दिला माझ्याकडे.

स्टिकर खरा होता. आकडाही खरा होता.

२४ फेब्रु., सोम.
एकशे दहा. कालही एकशे दहा. आणखी काही करण्यासारखं नाही. पॅनेल बिघडलं तर उघडता येतं, तार शोधता येते. हिचं काय उघडू? विनय म्हणतो हात लावू नका, थांबा. थांबायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे मला कोणी शिकवलं नाही, आणि स्वतःहून शिकलोही नाही.
कांबळेला मीटर परत दिला. "मासे पास झाले का, भाऊ?" झाले म्हटलं.

२७ फेब्रु., गुरु.
देठाला खाली पांढरा डाग. बोटाने दाबला, मऊ. नको होता दाबायला.
सुनंदा टाकीसमोर बसत नाही आता. मटार स्वयंपाकघरातच सोलते.

२ मार्च, रवि.
विनय त्याचा मीटर न्यायला आला. टॉर्च लावून देठ बघितला. माझा लाइटही बघितला. काम देखणं आहे म्हणाला, पण भिंगांमुळे उजेड ठिपक्याठिपक्यांनी पडतो. एका ठिकाणी एकशे दहा आणि वीतभर पुढे दुप्पट. हे मी मोजलं नव्हतं. मधोमध एकाच जागी मोजत होतो.

मग म्हणाला, सड देठातून वर चढायच्या आत टोपी कापायला हवी. आठ-दहा तुकडे. दगडांना बांधून त्याच्या टाकीत, रेडीमेड लाइटखाली ठेवायचे.
सुनंदा दारातून म्हणाली, "जगतील का रे?"
"निम्मे जगतील, काकू."
"आणि इथे ठेवली तर?"
"इथलं मी नाही सांगू शकत."
मी करंटची पट्टी फिरवून पाहिली, उगाच. होती तिथेच आणून ठेवली. विनयने आणलेली बादली जिन्यात होती, झाकणासकट, हे मला तो गेल्यावर कळलं; म्हणजे छत्री न्यायच्या तयारीनेच आला होता.

त्याने देऊ केलं ते असं: छत्री त्याने न्यायची, कापायची, जगेल तो पहिला तुकडा परत माझा. बाकीच्यांच्या बदल्यात चौतीस हजारांचा तो रेडीमेड लाइट मला बावीसला. म्हणजे छत्रीचे बारा हजार.
मी नको म्हणालो. लाइटही नको, बारा हजारही नको; छत्री इथेच राहील.