मोऱ्याच्या अकरा विळ्या

॥ श्री एकवीरा आई प्रसन्न ॥
करंजाडे, ४ जुलै २०२५

ती. कृष्णाबायस, धाकट्या दमयंतीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून हा कागद.

जासईच्या कंटेनर यार्डातून निवृत्त झाल्यापासून हे दिवसभर पंख्याखाली बसून पंखा नीट फिरतो का, एवढंच बघत होते. आता देवीने ऐकलं. यार्डाने भंगारात काढलेला बेल्ट ग्राइंडर ह्यांनी आणला आणि माझ्या शिलाई मशीनच्या टेबलावर बसवला. घरच्या घरी धार लावायचं मशीन करणार. कोन चुकू नये म्हणून पट्ट्यापुढे खिडकीची बिजागरी ठोकली आहे. खिडकी आम्ही दोरीने बांधतो. पहिल्या दिवशी पट्टा उलटा फिरला आणि सुरीने पट्टाच कापला. सुरीला धार आहे हे त्यातून सिद्ध झालं, असं हे म्हणाले.

पण बाय, दोन वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी मला हाक मारून काही दाखवलं. मासेमारी बंद आहे तोवर आईची विळी पाठव. होड्या सुटायच्या आत परत येईल, हमी माझी.

मोठ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.
तुझी दमयंती

मोरा, १० जुलै

सौ. दमयंतीस, बायचे आशीर्वाद.

माज्या नातीच्या, कोमलच्या हाती विळी धाडतेय. याच विळीवर आईने आपल्याला वाढवलं नि मी माजी पोरं. एक तारखेला होड्या सुटतील. विळी नाय तर बाजारात बसून मी काय करू, भजन? ते तुजं काम हाय. कमळाकररावांना सांग, लोखंडाला घाई सोसत नाय.

माया हाय तशीच ठेव.
बाय

करंजाडे, २८ जुलै

ती. बायस शि. सा. न. वि. वि.

विळी पाठवत आहे. उशीर झाला तो जास्त काळजी घेतल्यामुळे. पात्याला मध्यंतरी किंचित निळसर रंग आला होता, तो गेला. ह्यांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही, पण ते पोटामुळे. मी पनवेलला देवीला जाऊन आले. श्रावण लागल्यामुळे चाचणी सुरणावर घेतली. धार उत्तम आहे, असं तू पत्रात लिहिलंस तर ह्यांना बरं वाटेल.

कृपा असू दे.
दमयंती

मोरा, ३ ऑगस्ट

सौ. दमयंतीस आशीर्वाद.

विळी पावली. जरा गप झाली हाय, पण सुरमई एका दमात कापते. बाजारात सगळ्यांना दाखवली. प्रितमच्या टेंपोतून अकरा जणींच्या जुन्या विळ्या येतायत. कमळाकररावांच्याच हातची धार पायजे, असं सगळ्यांचं म्हणणं हाय. गणपतीच्या आत दे.

बाय

करंजाडे, १४ ऑगस्ट

ती. बायस शि. सा. न. वि. वि.

श्रावण आहे, खरं लिहिते. मशीनच्या वेगाने आईचं पातं तापून निळं पडलं. पोलादाचं पाणी उतरून ते मऊ पडलं, सुरणसुद्धा कापेना. ह्यांनी विळी गोणपाटात गुंडाळून कपाटामागे सारली आणि परत पंख्याखाली बसले. मी गुपचूप लोहाराकडून पात्याला नवं पाणी देऊन, धार लावून आणली. ह्यांना सांगितलं, देवीपुढे ठेवली होती, तिने बरी केली. वहीत तो खर्च 'देवकार्य' म्हणून लिहिला.

अकरा विळ्या आल्या तेव्हा मी वही उघडून अकरा देवकार्यांचा हिशोब मांडायला बसले. हे मात्र उठले. पातं जळू नये म्हणून काय करावं हे विचारायला नेमके त्याच लोहाराकडे गेले. तो म्हणाला, काका, मशीनवाल्यांचं नाव काढू नका, गेल्या महिन्यात कुणा येड्याने जाळलेली विळी घेऊन एक बाई रडत आली होती. हे घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "तो येडा उद्यापासून त्याच्याकडे शिकायला जाणार आहे. डबा दे."

आता मोठी पुली बसवून पट्टा हळू केला आहे. जरा घासायचं, पाण्यात बुडवायचं, बोटाला चटका बसायच्या आत थांबायचं. अकराही झाल्या, प्रितमबरोबर पाठवते. मी खोटं बोलले ते पोटात घाल.

अपराधी,
दमयंती

मोरा, २२ ऑगस्ट

सौ. दमयंतीस आशीर्वाद.

अगो, ते मला पयल्याच सुरमईला कळलं. आईची विळी कापताना करकरायची, ती गप कापायला लागली. चाळीस वर्षं हातात हाय माज्या. तू लिवलंस देवीला जाऊन आले, तवा म्हटलं, देवी कदीपासून भाता फुंकायला लागली?

म्हणून अकरा धाडल्या. एका विळीचं खोटं तू निभावलं असतंस. अकरांचं तुज्या एकटीच्यानं होणार नव्हतं. कुणाला तरी पंख्याखालून उठायलाच लागणार होतं.

विळ्या झकास हायत. रंभाची तेवढी टोकाला निळी पडलीय. तिला सांगितलं, देवीचा प्रसाद हाय, पुसू नको.

खिडकीला बिजागरी बसवून घे. नि लोभ गंजू देऊ नको.

बाय