झिजलेल्या हिऱ्यातली खूण

बाबा, कंपनीत तुम्ही ग्राइंडिंगच्या चाकावर फिरवायचात तो हिरा मी आमच्या प्रयोगशाळेतल्या मशीनमध्ये घातला. कुणाला विचारून, असं तुम्ही आधी दरडावलं असतंत. आईला विचारून घातला.

खंडेनवमीला चाकणच्या तुमच्या गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत घरच्या माणसांना आत सोडायचे, तेव्हा तो मी पहिल्यांदा पाहिला. मशीनला झेंडूचा हार आहे आणि तुम्ही मला समजावताय की लोखंड घासून घासून दगडी चाक गुळगुळीत होतं, कापेनासं होतं, मग या हिऱ्यानं त्याला पुन्हा खरखरीत करायचं. हिरा ज्वारीच्या दाण्याएवढा, पोलादी दांड्याच्या टोकाला बसवलेला. एकाच बाजूनं झिजू नये म्हणून दांडा दर वेळी थोडा फिरवून लावायचा. मी हात पुढे केला तर खेकसलात, "कामाची वस्तू हाय ती, खेळणं न्हाई." पुढे मी बीएस्सी झाले, तेव्हा फोरमनला विचारून तोच झिजलेला हिरा तुम्ही घरी आणलात आणि माझ्या तळहातावर ठेवलात. आई म्हणाली, "बायकोला कधी साधा खडा न्हाई दिला, लेकीला बघा हिरा." तुम्ही लाजला होतात.

त्यानंतर तुम्ही फार दिवस राहिला नाहीत. वाकडच्या सिग्नलला गाड्या तुंबल्या की आई अजून म्हणते, "यातल्या एखाद्या गाडीत ह्यांच्या हातचं कायतरी असंल." असेलही, पण कोणत्या गाडीत, हे तिला कोण सांगणार. तुमच्या कामाचं काहीच तिच्या हाती उरलं नाही, याचं तिला फार लागतं. मलाही लागतं.

माझं काम हिऱ्यातले दोष शोधायचं. हिऱ्यात कार्बनचे अणू शिस्तीत बसलेले असतात आणि इलेक्ट्रॉन जोडीजोडीनं. मध्येच नायट्रोजनचा अणू घुसला किंवा एखादा बंध तुटला की एक इलेक्ट्रॉन एकटा पडतो. हिरा चुंबकात ठेवून त्यावर मायक्रोवेव्ह सोडल्या की जोडीतले गप्प राहतात, एकटे तेवढे ओ देतात. या पद्धतीला इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स म्हणतात. घासून तुटलेले बंधही त्यात कधी कधी दिसतात, असं मी एकदा जेवताना बोलून गेले. आईचा घास हातातच राहिला.

"म्हंजी ह्यांनी केलेलं काम दिसंल त्यात?"

दिसेलच असं नाही, म्हणाले. पण तिनं मनावर घेतलं. अडचण दांड्याची होती. पोलाद चुंबकात नेता येत नाही, आणि तुमच्या बोटांनी चकचकीत झालेला तो दांडा कापायला माझा हात होईना. आईच म्हणाली, "काप. दांडा काय कंपनीचा. झीज त्यांची हाय."

कापला. उरलेला धातू आम्लात उकळून काढला आणि हिरा काचेच्या बारीक नळीत घालून चुंबकात सोडला. स्क्रीनवर तीन ठळक रेषा आल्या. त्या नायट्रोजनच्या, हिरा घडला तेव्हापासूनच्या. तुमच्या झिजेची असलीच तर मधल्या रेषेला चिकटून असायला हवी होती. मी तापमान बदललं, हिरा फिरवून बघितला, पुन्हा पुन्हा मोजलं. तिथं नुसती थरथर होती, कुठल्याही मोजमापात असते तशी. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅबमध्ये बसून मी रडले. ड्रायव्हरनं न विचारता गाणं बंद केलं.

पिंपळे गुरवला घरी पोचले तर आई दारातच. मी मोबाइलवर आलेख दाखवला. तिनं चष्मा लावला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि मधल्या रेषेशेजारच्या एका बारीकशा उंचवट्यावर बोट ठेवलं.

"हे का त्यांचं?"

मी हो म्हणाले. ती बराच वेळ तिथंच बघत राहिली. मग पदरानं स्क्रीन पुसून मोबाइल परत दिला.

म्हणून हे पत्र तिच्या हाती पडता कामा नये. लिहून झालं की फाडणार आहे. बाबा, तिथं काही नाही, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तरी फाइल उघडली की मीसुद्धा आधी तिथंच बघते.