आसिकचं हाड

प्रिय कुआंदिक, आडमुठ्या माणसा,

पाकीट फोडण्याआधी चष्मा शोध. लेकीला वाचायला सांगू नकोस, कारण यात तुला दोन-चार शिव्या आहेत आणि त्या तिच्या तोंडी बऱ्या दिसायच्या नाहीत. एकाच गावात एकाच वर्षी जन्मलेल्या कुर्दासांना एकमेकांची यथेच्छ टर उडवायचा हक्क वाडवडिलांनी दिलाय, तो मी आज पुरेपूर वापरणार आहे. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू ‘हं, हं’ करतोस आणि ‘बरं, ठेवतो’ म्हणून मोकळा होतोस. पत्राला तुला तसं म्हणता यायचं नाही. आणि विषयही तसाच आहे. बारा वर्षं झाली, तू माझ्या घरी घासभरसुद्धा जेवला नाहीस. का, ते मला परवा कळलं.

पण आधी गावाकडची खबर, नाहीतर तू शेवटचं पान आधी वाचशील. यंदा बर्फ लवकर गेलं. तोरगायचा माळ लाल-पिवळ्या फुलांनी भरलाय आणि सायगा हरणं आलीत. किती, ते विचारू नकोस. आठवतं, एके वर्षी महिनाभर जीप फिरवून तुला मोजून सत्तावीस दिसली होती, आणि अठ्ठाविसावं खडक निघालं म्हणून तू दोन दिवस कुणाशी बोलला नव्हतास? परवा सकाळी माझी बायको कुल्याश दारातून ओरडली, “अहो, बाहेर या, माळ चालायला लागलाय!” खरंच, पार क्षितिजापर्यंत नुसत्या पाठी. ती लोंबती फुगीर नाकं, ते बारीक पाय. शेजारच्या बेक्तासचं गवत त्यांनी यंदाही तुडवलं, आणि तो रोज माझ्या कुंपणाशी उभा राहून तुझा उद्धार करतो. “तुझ्या त्या कुर्दासाची पैदास माझा चारा खातेय!” मी म्हणतो, “अरे, त्याला एकच मुलगी आहे, आणि ती त्याच्यापाशी शहरात असते.” तो आणखी भडकतो. मजा येते.

आता ती फेब्रुवारीतली दुपार. तुला ती मी काय सांगायची! तरी सांगतो, कारण तिच्यातली एक गोष्ट तुला ठाऊक नाही. तू शिकारबंदीच्या गस्तीवरून परतताना आमच्या दाराशी थांबलास. वारा असा सुटलेला की कुत्रं दार ओरबाडत होतं. चुलीवर भांडं होतं, आणि भांड्यात काय आहे ते मला आणि कुल्याशला माहीत होतं. आदल्या आठवड्यात मारलेला सायगाचा नर. शिंगं गोठ्यात गवताखाली. पोटासाठी मारला असं मी कोर्टात म्हणालो ते साफ खोटं होतं रे. शिंगं विकायलाच मारला होता. मांस वाया जाऊ नये म्हणून शिजवलं, एवढीच काय ती अब्रू.

तू हात धूत होतास तेव्हा कुल्याशने मला कोपऱ्यात ओढलं. म्हणाली, “भांडं झाकते. चहा आणि भाकरी देऊन लावा त्याला वाटेला.” मी उलट तिच्यावरच डाफरलो. अशा वाऱ्यात माझा कुर्दास दारी आलाय, घरभर मांसाचा वास दरवळतोय, आणि मी त्याची चहावर बोळवण करू? गाव तोंडात शेण घालेल! मग ती म्हणाली, “बरं बाबा, निदान बिनहाडाचे तुकडे वाढते.” तेवढं ऐकलं असतं तर तुला काहीच कळलं नसतं, शिजलेलं मांस सगळं सारखंच. पण जिवलग माणसापुढे हाडाशिवायचं ताट ठेवायचं? जिवलगाला आसिकची नळी द्यायची, सांध्यात ते खेळायचं छोटं हाड असलेली, हा आपला रिवाज. मीच भांड्यात हात घातला, बोटं भाजून घेतली, नळी काढली आणि तुझ्यापुढे ठेवली. बारा वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की चूक कुल्याशची, तिच्या लक्षात राहिलं नाही. ती बिचारी मुकाट ऐकून घेते. घरात मात्र ऐकवते, “बोटभर हाडापायी तीन वर्षं!” मान राखायला गेलो आणि मान अडकली.

तू नळी साफ केलीस आणि सांध्यातलं ते छोटं हाड बोटांत धरलंस. पोरपणी आपण दुसरं खेळलोय काय? मेंढीचं आसिक कुठलं, बकरीचं कुठलं, सायगाचं कुठलं, तू डोळे मिटून सांगायचास. माझी तीस हाडं तू तशीच जिंकून नेली होतीस, लबाडा. त्या दिवशी तू ते बोटांत एकदाच फिरवलंस आणि तुझा जबडा थांबला. मला वाटलं, आता हा उठेल, ताट लाथाडेल. तू ते हाड बाजूला ठेवलंस आणि पुन्हा खायला लागलास. शेवटचा तुकडा संपेपर्यंत खाल्लंस. मग तळहात पसरून आमच्या घराला आशीर्वाद दिलास, चेहऱ्यावरून हात फिरवलेस, आणि म्हणालास, “वहिनी, मांस छान शिजलंय.” उठलास, जीपमधून कागद आणलेस, आणि जेवणासाठी अंथरलेल्या त्याच दस्तरखानावर, त्याच जागी बसून पंचनामा लिहायला घेतलास.

मी काय काय बोललो तुला तेव्हा! खाल्ल्या मिठाला जागला नाहीस म्हणालो. गावही तेच म्हणालं. तू मान खाली घालून लिहीत राहिलास. त्या कागदात काय आहे ते मी कोर्टातच ऐकलं. शेवटच्या ओळी मला पाठ आहेत. ‘सदर मांस मी, निरीक्षक कुआंदिक, स्वतः खाल्लं आहे. ते सायगाचं आहे हे कळल्यानंतरही पूर्ण खाल्लं, कारण यजमानाचं ताट अर्धं टाकणं मला जमलं नाही. माझ्यावरही कारवाई व्हावी.’ न्यायाधीशबाईंनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. अरे, कोण सांगणार होतं तुझं नाव? मी? मी शपथेवर सांगितलं असतं की तू चहासुद्धा प्यायला नाहीस. तुझी जीप गेली, हुद्दा गेला, मीठतळ्यापलीकडच्या चौकीत तुला एका खटारा मोटारसायकलीवर धाडलं. रागाने मी आत गेलो खरा, पण कुआंदिक, सहा महिन्यांत मी तुरुंगात तुझीच फुशारकी मारायला लागलो. बाकीचे म्हणायचे, आम्हाला अमक्याने पकडलं, लाच मागत होता. मी छाती फुगवून म्हणायचो, मला पकडणाऱ्याने स्वतःलासुद्धा पकडलं!

ती तीन वर्षं दर सप्टेंबरात तू कुठून कुठून वाहन मागून आणून कुल्याशच्या दारात गवत टाकलंस. टाकायचास आणि निघायचास. ती म्हणे, भाकरी तरी मोडा. तू म्हणायचास, उशीर झालाय. आपल्याकडे भाकरी मोडल्याशिवाय उंबऱ्यावरून परत फिरलेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

आणि मी सुटलो तो मे महिना. फाटकाबाहेर आलो तर समोर तू, त्या खटाऱ्यावर, शेजारी साइडकार. “बस,” म्हणालास. तीन वर्षांनंतरचा पहिला शब्द! चारशे किलोमीटर मी त्या डब्यात गुडघे हनुवटीला लावून बसलो. मग पांढऱ्या तळ्याजवळ गाडी बंद केलीस, मला गवतात पालथं झोपायला लावलंस आणि दुर्बीण दिलीस. समोर हजारभर माद्या, सगळ्या एकाच वेळी वीत होत्या. आपल्यापासून चाळीस पावलांवर एक व्याली, दोन पिल्लं. चाटून उभी केली. दोन्ही पडली. पुन्हा उभी केली. तू कानाशी म्हणालास, “तीन वर्षं ज्यांच्यासाठी आत होतास, त्यांचं तोंड तरी बघून घे.” मी रडलो. तू बघितलं नाहीस, किंवा बघितलं आणि दाखवलं नाहीस. उन्हं उतरेपर्यंत आपण तिथे पडून होतो. माझ्या हाताने मेलेली जनावरं मी मोजायचो नाही कधी, त्या दिवशी मोजायला लागलो आणि मध्येच सोडून दिलं. तेव्हापासून बंदूक नाही धरली. तू मला दारात सोडलंस, कुल्याशला मान लववलीस आणि गाडी वळवलीस. जेवायला थांबला नाहीस. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, चोराच्या ताटाला हा आता शिवणार नाही. ते माझ्या मनात बसलं ते बसलंच.

आता नवी बातमी. तू पंधरा वर्षं अर्ज करत होतास ना, सारखं म्हणायचास, हरणाला कायदा आहे पण त्याच्या बाळंतपणाच्या जागेला नाही? आले एकदाचे साहेब लोक. शाळेच्या सभागृहात सुनावणी झाली, तुझा नकाशा भिंतीवर लावला होता, ती तुझी लाल पेन्सिलची रेघ. रेघेच्या आतली सगळ्यात चांगली जमीन कुणाची? माझी. गवताची, कराराने घेतलेली, गोठ्यापासून तळ्यापर्यंत. बेक्तास उठून ओरडला, “हरणांच्याच नावावर जमिनीचे कागद करा म्हणजे झालं!” लोक हसले. साहेबांपैकी एकजण म्हणाला, एवढी जागा कशाला, अर्धी पुरेल. मग मी उठलो. गुडघे कटकट वाजले. म्हटलं, “अर्धी पुरणार नाही. ती जमीन माझ्याकडे आहे आणि मी ती सोडतो. रेघ कुआंदिकने काढली आहे तशीच राहू द्या.” बेक्तास म्हणाला, “बघा, चोर आता कायदा शिकवायला लागला!” मी म्हटलं, “चोर आहे म्हणूनच सांगतो. ती नेमकी कुठे वितात हे या खोलीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. मी तिथेच जाऊन मारायचो.” बेक्तास खाली बसला. कागद मंजूर झाला कुआंदिक, तुझी रेघ आहे तशी, एक बोटभरही आत न सरकता. आता मेमध्ये तिथे ना मेंढरं, ना कुत्री, ना गाड्या.

घरी आलो तर मला आनंद व्हायला हवा होता, आणि मी कुल्याशवर करवादलो. म्हटलं, आता तरी तुझा तो सत्यवचनी माझ्या घरचं पाणी पिईल की नाही? ती पीठ मळत होती. तिने परात खाली ठेवली आणि म्हणाली, “भाकरीवर हात ठेवून शपथ घातली होती त्यांनी. पण आता नाही मला ती पाळवत.” आणि तिने सांगितलं. पहिल्या सप्टेंबरात, गवत उतरवल्यावर तू तिला म्हणाला होतास, “वहिनी, ज्या घरचं खाल्लं त्याच घरचा माणूस नेला. कायद्याने चूक नाही, उद्या वेळ आली तर पुन्हा नेईन. पण या घरात परत जेवायला बसायचं तोंड मला उरलं नाही. त्याला सांगू नका, तो मला हसेल.”

हसेल? गाढवा! बारा वर्षं मी समजत होतो, तुला माझी घाण वाटते. आणि तू माझ्या कुंपणाबाहेर उभा राहून स्वतःला गुन्हेगार समजत होतास! मला हरीण मारताना लाज वाटली नाही, आणि तुला जेवल्याची लाज वाटते? तू माझं मीठ खाल्लंस आणि त्याला जागलास, दोन्ही अंगांनी जागलास. तसं जागलेलं माणूस मी जन्मात पाहिलं नाही. हे तुला सांगायला मला बारा वर्षं लागली, तेव्हा गाढव मीही.

म्हणून हे पत्र. त्या जागेच्या हद्दीचे खांब रोवायचा समारंभ वीस तारखेला आहे, पण मी तुला त्यासाठी बोलावत नाही, त्याला साहेब लोक येतील, भाषणं करतील. तू त्याच्या आदल्या दिवशी ये. काळ्या डोक्याची मेंढी मी बाजूला बांधली आहे, ती तू आल्यावर तुझ्यासमोर कापू. कुल्याश म्हणते, यावेळी भांड्यात हात घालायचा मान तिचा. नळी तुझ्यापुढे येईल. आधी आसिक हातात घे, उजेडात धर, उलटंसुलटं करून हवं तेवढा वेळ बघ. मी थांबतो. मग मात्र जेव.

तुझाच, तूच पकडलेला,
ओरिनबाय