धुऱ्यावरची जागा

माय, इथूनच तुझ्या पाया पडतो.

मी हैदराबादले बरा आहो, दोन टाइम जेवतो, फिकर नोको करू. तू जेवून राहिली ना? फोनवर दादा बाजूलेच बसून राहते, म्हणून चिठ्ठी लिहून राहिलो.

बाबूजीच्या अस्थीचं मडकं अजून पिंपळालेच टांगलं आहे म्हणे. दादा म्हणते, प्रयागले नेऊ. पण बाबूजी सांगून गेले, 'दोघा पोराच्या धानाच्या बांधीमधल्या धुऱ्यावर टाका.' दादाले ते काऊन नोको, तुलेबी मालूम आहे. दरसाल तो आपल्या वावराकडून धुऱ्याची माती कोरते, मी सुट्टीत आलो का माह्या वावराकडून. आता त्याच्यावर धड पाय ठेवायले जागा नाही. बापाची राख पडल्यावर तिथं फावडं कोण मारल?

परवा फोनवर मी दादावर ओरडलो, ते तू आयकलं असशीन. बीपीची गोळी चुकवू नोको.

लहानपणी आमी भांडलो का बाबूजी आमच्या मधात येऊन झोपत. दादा तिकडं, मी इकडं. हे दादाले वाचून दाखव. बाबूजीले आताबी मधातच झोपायचं आहे.

शनिवारी येतो. तोवर मडकं हलवू देऊ नोको.

तुझा लहाना,
टिकेश