पत्राआधीचा चहा

प्रिय आक्का,

तुम्ही गेल्यापासून एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितोय तेही अडलं म्हणून. आपल्या ऑफिसची स्मरणिका निघतेय. इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलंय. माझ्याकडे! शाळा-वसतिगृहांना देणग्या कशा मागाव्यात हे शिकवणारं, त्यांची पत्रं लिहून देणारं ऑफिस तुम्ही नव्वदीच्या सुरुवातीला राजारामपुरीत एका खोलीत काढलंत, इथवर झरझर लिहिलं. खालचे क्लासवाले हसायचे, "मागायला बी शिकवणी लागती व्हय?" तेही लिहिलं. पुढं हात चालेना.

तुमचा नियम एकच होता. ज्याच्यासाठी मागायचं त्याच्या घरी आधी जायचं, चहा प्यायचा, मगच पत्र लिहायचं. मूकबधिर मुलींच्या वसतिगृहाच्या पत्रासाठी तिथं राहणाऱ्या शबानाच्या घरी मला पाठवलंत. त्या रविवारी आपल्या शिवाजी पेठेची फुटबॉल मॅच होती. मी मॅचला गेलो. सोमवारी तुम्हाला खुशाल सांगितलं, "जाऊन आलो, चहा झाला."

वसतिगृहाच्या फॉर्मवर वडिलांची जागा कोरी होती. मी पत्रातल्या तिच्या फोटोखाली लिहून टाकलं, 'अनाथ शबाना'. तुम्ही माझ्या भरवशावर सही केलीत.

ते पत्र शिरोलीच्या एका फाउंड्रीत गेलं, आणि मालकानं फोटो ओळखून तिथल्याच भट्टीवरच्या माणसाला दाखवलं. तो तसाच कामाच्या कपड्यांत जिना चढून आला. आठवतं ना? "पावणं, मी मेलोय व्हय? पोरीचा बा जिता हाय की!"

तुम्ही उठून हात जोडलेत. "सही माझी हाय, चूक माझी हाय." आणि मी? मी खाली मान घालून पाकिटांना तिकिटं चिकटवत बसलो!

वसतिगृहानं आपलं काम काढून घेतलं. बाई जित्या बापाची पोर अनाथ करते, असं गावभर झालं. तुम्ही एकट्या शबानाच्या घरी जाऊन माफी मागून आलात, चहा पिऊन आलात. चप्पल काढता काढता मला एवढंच विचारलंत, "रविवारी मॅच कोण जिंकलं रे?"

म्हणजे तुम्हाला कळलं होतं! मग कानाखाली का नाही काढलीत? मी "मला काय ठाऊक" म्हणालो, आणि तुम्ही पुन्हा कधी विषय काढला नाहीत. दवाखान्यात शेवटी भेटलो तेव्हाही मी पेपरातल्या बातम्याच सांगत बसलो. लाज वाटते हो. फार लाज वाटते.

स्मरणिकेच्या कच्च्या मजकुरात कुणीतरी लिहिलंय, 'संस्थापिकेच्या हातून एक चूक झाली.' ती ओळ मी खोडलीय. तिथं माझं नाव जाईल, मॅचसकट. पण छापायच्या आधी या रविवारी शबानाच्या घरी जाईन, तिच्या वडिलांना ते पान वाचून दाखवीन. चहा दिला तर पिईन. नाही दिला तर उभ्यानं माफी मागून येईन. शब्द देतो.

आणि आक्का, मॅच आपण जिंकली होती. दोन-एकनं.

तुमचा,
अरुण