दुसऱ्या संचातली होडीवाली

प्रिय भोंगूबाई,

आधी हुश्श म्हण आणि मग पुढे वाच. सगळं ठीक आहे. पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असणार, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते. तुझा दादा ठीक आहे, मी ठीक आहे, चष्म्याचं दुकान सुरू आहे, आणि काल कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवून दुपारी चक्क घोरत झोपले. फोन का नाही केला म्हणशील. बाई गं, फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. शिवाय मी मध्येच रडले असते, मग तू रडली असतीस, आणि सांगायचं ते राहिलंच असतं. म्हणून पत्र. सावकाश वाच, अधलंमधलं गाळू नकोस.

मेसेजमधून मी तुला कळवत होते ते खोटं नव्हतं. हात उचलतोय, काठी घेऊन चालतोय, जेवण जातंय, सगळं खरं. बोलण्याबद्दल मात्र 'सुधारेल हळूहळू' एवढंच लिहायची, कारण सुधारत काडीचंही नव्हतं. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याच्या तोंडात एकच शब्द उरला होता, 'तेच'. चहा हवा, तेच. खिडकी लाव, तेच. माझ्यावर चिडला तरी तेच, फक्त मोठ्यानं. जो माणूस दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत 'हे बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं?' असं विचारत बसायचा, नंबर तपासायला आलेल्या गिऱ्हाइकाला त्याच्या सासुरवाडीपर्यंतच्या चौकशा केल्याशिवाय सोडायचा नाही, त्याची ही गत. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतंय, शब्द तेवढे बाहेर येत नाहीत. मला त्या कळण्याचीच धास्ती वाटायची. एक शब्द काढायला तो जीव तोडून धडपडायचा, घाम फुटायचा, आणि शेवटी 'तेच'. मग माझ्याकडे असा बघायचा की मी भांडी घासायचं निमित्त करून आत जायची, नळ मोठा सोडायची आणि रडून घ्यायची. हा माणूस आता आयुष्यभर असाच राहणार, हे मी मनात जवळजवळ धरूनच चालले होते.

बोलायला शिकवणारी एक मुलगी घरी येते. लहानखुरी, गळ्यात ओळखपत्र, आणि जीभ अशी तिखट की तुझ्या दादाला पहिल्याच दिवशी आवडली. तिनं मला समजावलं की बोलण्याचा रस्ता बंद पडला तरी गाण्याचा कधीकधी उघडा असतो. पाठ झालेलं गाणं लावून बघा, त्यातून शब्द सुटतात. विचारते काय, की यांना कुठलं गाणं येतं? मी कपाळाला हात लावला. होडीवालीचं नाटक, दुसरं काय असणार! तुम्हा भावंडांना लहानपणी वडिलांनी ते दाखवलं आणि दोघंही कामातून गेलात. तू ठरवलंस की मोठी होऊन त्यातली होडीवाली व्हायचं, आणि यानं ठरवलं की त्या नाटकाचे जेवढे संच निघतील तेवढ्यांच्या गाण्यांची रेकॉर्डिंग गोळा करायची आणि त्यांच्यात डावं-उजवं करत बसायचं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, नवरा सिनेमाला नेईल. यानं मला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले आणि होडीवालीचं तेच ते शेवटच्या फेरीचं गाणं उलटसुलट ऐकवलं. वर विचारतो, हे बरं की आधीचं बरं? मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. जे आधी संपलं ते बरं, असं मी म्हटलं होतं. तो दोन दिवस फुगून बसला होता.

तर आम्ही सुरुवात केली पहिल्या संचापासून, त्याच्या लाडक्या. इतकी वर्षं कानावर पडून मलाही आता थोडं समजायला लागलंय, हसू नकोस. त्या बाईंचा आवाज जाडसर, घोगरा, खऱ्याच नावाड्यांना दम देत वाढल्यासारखा. मागे वाद्यं मोजकीच, आणि मध्ये कुठेतरी कोणीतरी खोकतं, तेही तसंच ठेवलंय. 'माळी आला, शिंपी आला, पोस्टमन कुठं राहिला?' असं त्या नुसतं विचारत नाहीत, खडसावतात. सगळे आल्याशिवाय होडी सोडणार नाही म्हणणारी बाई अशीच असणार, असं दादाचं म्हणणं. त्यानं ते गाणं डोळे मिटून ऐकलं, गालावरून पाणी ओघळलं, पण ओठ हलले नाहीत. आम्ही रोज लावत राहिलो. रोज पाणी, रोज गप्प.

मग लावला तिसरा संच, आत्ताचा. त्याचं ध्वनिमुद्रण इतकं स्वच्छ की होडीवाली नदीवर आहे की दवाखान्यात, असा प्रश्न पडावा. पोरगी गोड गाते, नावं ठेवायला जागा नाही, पण एवढी घाई कशाची? माळ्याचा पाय होडीत पडतो न पडतो तोच शिंपी हजर. पहिलंच कडवं चालू असताना तुझ्या दादानं असं काही तोंड केलं, कडू औषध पाजल्यासारखं, आणि इतक्या तुच्छतेनं 'तेच!' म्हणाला की मी आणि ती मुलगी खो खो हसत सुटलो. पण झालं काय, तर शब्द तोच. हसून झाल्यावर मला आणखीच भरून आलं.

मधला, म्हणजे तुझा संच मी लावत नव्हते. का ते तुला सांगायला नकोच. तुमचं रेकॉर्डिंग निघालं तेव्हा माझ्याच घरात मी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं, तुझे वादक, तुझा दिग्दर्शक, सगळे. कोणीतरी गमतीनं याला विचारलं, कुठला संच बरा? आणि हा शहाणा नेहमीसारखा 'छान' म्हणून गप्प बसायचं सोडून सुरू झाला. पहिलाच बरा. भोंगू फार रमतगमत गाते, होडी आहे की ओंडका? पोस्टमनच्या मधोमध श्वास घेऊन त्या बिचाऱ्याचे दोन तुकडे केलेत. आणि दुसऱ्या कडव्याआधी हसायचं कारण काय? मी टेबलाखालून लाथ मारली, तर म्हणतो, लाथ का मारतेस? तू ताटली उचललीस, मोरीत ठेवलीस, माझ्याशी गोड बोललीस आणि निघून गेलीस, ती गेलीसच. नंतर नुसते वाढदिवसाचे मेसेज. तो आजारी पडल्यावर तू विचारलंस, मी येऊ का, मला बघून त्याला त्रास झाला तर? डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यांना संताप येईल असं काही करू नका. मी काय सांगणार होते? नंतर बघू म्हटलं. तू पुन्हा विचारलं नाहीस, आणि ते मला फार लागलं.

गेल्या आठवड्यात त्या बोलायला शिकवणाऱ्या मुलीनं स्वतःच कपाट उघडलं आणि तुमच्या संचाची डबी काढली. म्हणाली, हे कधीच वाजवत नाही तुम्ही. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ती म्हणते, मग तर लावाच. राग आला तर येऊ दे, रागात माणसं बोलतात. मी देवाचं नाव घेतलं आणि लावलं. तो खिडकीजवळच्या खुर्चीत होता. तुझा आवाज आला तशी त्यानं मान वळवली. मी त्याच्याकडे न बघता नुसती चादरीची घडी घालत राहिले. आणि मागून आवाज आला, 'माळी आला.'

अगं, मला वाटलं, बाहेरून कोणी बोललं. वळून बघते तर तो. 'शिंपी आला.' भसाडा, ओबडधोबड, पण शब्द! आख्खे शब्द! तुझ्याच संथ लयीत, जराही घाई न करता. 'पोस्ट', मग श्वास, तुझ्या बरोबरीनं, तुझ्याच जागी, आणि मग 'मन कुठं राहिला?' आणि कडवं संपल्यावर, दुसरं सुरू व्हायच्या आधी, पोस्टमन धावत येताना बघून तू हसतेस ना, तिथे तोही हसला. नेमका तेवढाच. सगळं गाणं त्यानं म्हटलं, शेवटपर्यंत. मी जमिनीवरच बसले. ती तिखट मुलगीही डोळे पुसत होती, आणि तुझा दादा आम्हा दोघींकडे बघत होता, की काय झालं यांना?

पण मला प्रश्न पडला. ज्या गाण्याला नावं ठेवली, ते याला श्वासासकट पाठ कसं? तर परवा दुकानात गेले होते, तेव्हा काउंटरवरच्या बाईंना हे सांगत होते. त्या म्हणाल्या, त्यात नवल काय, साहेब तर दुपारी शटर अर्धं ओढून, आतल्या खोलीत काचा घासताना तेच लावायचे. वर्षानुवर्षं. शेजारच्या न्हाव्यालासुद्धा पाठ झालंय म्हणे. कोणी फ्रेम घ्यायला आलं की विचारायचे, कोण गातंय ओळखा बघू, आणि उत्तराची वाट न बघता सांगून टाकायचे, माझी बहीण आहे. म्हणजे आख्ख्या गल्लीला ठाऊक, आणि फक्त तुला आणि मला पत्ता नाही! घरी येऊन मी त्याला फैलावर घेतलं. नुसता लाजून हसला मेला. इतका राग आला, आणि इतकं बरं वाटलं की काय सांगू.

त्यानंतर रोज काहीतरी नवीन. ती मुलगी त्याच्या हातावर ताल धरते आणि त्याच चालीत दुसरे शब्द घालून म्हणायला लावते. 'चहा आला, पेपर आला.' आधी गाऊन, मग हळूहळू चाल सोडून. पाणी, चष्मा, दुखतंय, नको, एवढं आता येतं. माझं नाव आलं त्या दिवशी मी कामावर दांडी मारली. ती म्हणते, वेळ लागेल, पूर्वीसारखी बडबड कदाचित येणारही नाही, पण रस्ता सापडला. मला तेवढं पुष्कळ आहे. मी आता नळ सोडून रडत नाही.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. काल सकाळी ती मुलगी नव्हती, कोणी ताल धरला नव्हता. मी पावाला लोणी लावत होते. त्यानं आपणच डाव्या हातानं टेबलावर ठेका धरला आणि म्हणाला, 'भोंगू कुठं राहिली?' मी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं, तर पुन्हा म्हणाला, आणि या वेळी चाल सोडून, साधं, विचारतात तसं. झटक्यानंतर त्यानं आपल्या मनानं विचारलेला हा पहिला प्रश्न. 'चुकलो' हा शब्द त्याच्याकडे नाही गं. मी म्हणवून घेतला असता, पण दुसऱ्यानं पढवलेला तो शब्द तुला नको असणार. पूर्वी होता तेव्हा त्यानं वापरला नाही, आता हवा आहे तर सापडत नाही. तू त्या शब्दाची वाट बघत बसू नकोस. मी त्याला म्हटलं, भोंगूला विचारते. तर विचारलं. उत्तर मला देऊ नकोस, त्यालाच दे. फोन कर, मी त्याच्या कानाला लावीन. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही, तरी ठेवू नकोस. तो बोलणार असेल.

तुझीच, तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
वहिनी